मान्यखेटचे महावीराचार्य : विखुरलेल्या मोत्यांचा हिशेब

कलबुर्गी शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. पडका किल्ला, एक प्राचीन जैन बसदी आणि माध्व परंपरेतील टीकाकार जयतीर्थांचे वृंदावन यांमुळे यात्रेकरू तेथे जातात. इतरांना हे गाव सिमेंटच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले एक ठाणे वाटते. बीदर आणि कलबुर्गीच्या या सीमाभागात कन्नड, मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. नवव्या शतकात मात्र या गावाचे नाव मान्यखेट होते आणि ते दख्खनची राजधानी होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाची सत्ता येथून चाले. उत्तर कोकणातील शिलाहार त्याचे मांडलिक होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव येते. आजच्या गोव्यासह दक्षिण कोकणावर राज्य करणारी शिलाहारांची दुसरी शाखाही राष्ट्रकूटांचेच अधिराज्य मानीत असे. ८५१ च्या सुमारास लिहिणाऱ्या सुलेमान या अरब व्यापाऱ्याने या घराण्याच्या राजाला जगातील चार थोर राजांत गणले.

या अमोघवर्षाच्या कारकिर्दीत, ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या दिगंबर जैन विद्वानाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आपल्या आईवडिलांविषयी, गावाविषयी किंवा गुरूविषयी त्यांनी ग्रंथात चकार शब्द काढलेला नाही. आरंभी तीर्थंकर महावीरांना वंदन आहे, मग नृपतुंगाची स्तुती आहे, आणि त्यानंतर थेट गणित सुरू होते. त्यांचे चरित्र सांगायचे तर ते त्यांच्या अकराशेहून अधिक श्लोकांतून आणि त्या श्लोकांच्या पुढील प्रवासातूनच सांगावे लागते.

काळ मात्र चांगला ठाऊक आहे. अमोघवर्ष ८१४ मध्ये, अगदी लहान वयात, गादीवर आला. बंडाळ्या झाल्या, गुजरातच्या शाखेतील कर्काने त्याची गादी राखली, आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्याने राज्य केले. लढाईपेक्षा विद्येची ओढ असलेला हा राजा होता. ‘आदिपुराण’कार जिनसेन त्याचे गुरू. व्याकरणकार शाकटायनाने आपल्या ग्रंथावरील वृत्तीला ‘अमोघवृत्ती’ असे राजाचेच नाव दिले. उपलब्ध कन्नड ग्रंथांतील सर्वांत जुना ‘कविराजमार्ग’ याच दरबारात लिहिला गेला. प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट कापून अर्पण केले, असे ८७१ च्या संजाण ताम्रपटात कोरलेले आहे. अशा राजाच्या छत्राखाली गणिताला केवळ ज्योतिषाची दासी म्हणून राहण्याचे कारण उरले नव्हते. आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्याकडे गणित हे खगोलग्रंथातील एकदोन अध्यायांपुरते होते; महावीराचार्यांनी ग्रहताऱ्यांना पूर्ण बाजूला ठेवून फक्त गणितासाठी ग्रंथ लिहिला. त्याचे महत्त्व सांगताना त्यांनी स्वयंपाकापासून नाट्यापर्यंत आणि वैद्यकापासून छंदःशास्त्रापर्यंत शास्त्रांची यादीच दिली आहे. ही यादी वाचताना थोडी अतिशयोक्ती वाटते. तिच्यातील छंदःशास्त्राचा उल्लेख तेवढा लक्षात ठेवावा.

ग्रंथाचे नऊ अध्याय आहेत. संज्ञा, परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खोदकाम, सावली असा त्यांचा विस्तार आहे. संख्येची चोवीस स्थाने, लघुतम साधारण विभाज्य काढण्याची रीत, व्याजाचे नाना प्रकार, हे सारे त्यात येते. एक ही संख्या केवळ एकांश अपूर्णांकांच्या बेरजेने कशी मांडावी याचा त्यांचा नियम आजही विद्यार्थ्याला आनंद देईल : एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश, किंवा एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक नवमांश आणि एक अष्टादशांश. ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले.

त्यांची उदाहरणे रसिकाची आहेत. त्यांतले एक असे. प्रेमकलहात एका तरुणीचा मोत्यांचा हार तुटतो. एक तृतीयांश मोती दासीच्या हाती लागतात, एक षष्ठांश शय्येवर पडतात, उरलेल्यांतील निम्मे आणि पुन्हा उरलेल्यांतील निम्मे असे सहा वेळा इतस्ततः विखुरतात, आणि शेवटी दोऱ्यात १,१६१ मोती शिल्लक राहतात. एकूण मोती किती? पहिल्या दोन भागांनंतर अर्धे उरतात. त्याचे सहा वेळा अर्धे केले की मूळच्या एकशे अठ्ठाविसावा भाग उरतो. म्हणून मूळ संख्या १,४८,६०८. एवढ्या मोत्यांचा हार कोणती मान पेलेल, हा प्रश्न गणितज्ञाने विचारलेला नाही. विखुरण्याचा नियम ठाऊक असेल, तर उरलेल्या तुकड्यावरून संपूर्ण वस्तू परत मिळवता येते, एवढेच त्याला दाखवायचे आहे. हाच प्रश्न अकरा शतकांनंतर दूरसंचाराच्या अभियंत्यांपुढे वेगळ्या रूपात उभा राहणार होता.

संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बिघडतो. आज तो तारेतून, हवेतून किंवा अंतराळातून जातो. नवव्या शतकात तो गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात आणि एका ताडपत्रावरून दुसऱ्या ताडपत्रावर जात असे. संख्यांच्या बाबतीत ही जोखीम फार मोठी. शब्दातले एखादे अक्षर चुकले तरी वाचणारा अर्थावरून अंदाज बांधतो. आकडा चुकला, तर चुकलेला आकडाही तितकाच खरा दिसतो. म्हणून भारतीय गणितज्ञ श्लोकात आकडे लिहीत नसत, त्यांच्या जागी शब्द योजीत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, गगन म्हणजे शून्य. महावीराचार्यांनी आपल्या पहिल्याच अध्यायात अशा शब्दांची यादी दिली आहे. या पद्धतीचा एक मोठा लाभ असा की शब्द छंदात बसवलेला असतो. नकलाकाराने ‘वेद’च्या जागी ‘रस’ लिहिले तर गुरू अक्षराची जागा लघू घेते, श्लोक अडखळतो आणि जाणत्या वाचकाचे कान टवकारतात. छंद हा येथे केवळ अलंकार नाही, तो पहारेकरी आहे.

पण हा पहारेकरी सर्वज्ञ नव्हे. ‘अग्नि’ म्हणजे तीन आणि ‘अब्धि’ म्हणजे चार. दोन्ही शब्दांत पहिले अक्षर गुरू, दुसरे लघू. एकाच्या जागी दुसरा आला तर छंदाला पत्ताही लागत नाही. अशा वेळी दुसरा पहारा उपयोगी पडतो, तो उदाहरणाच्या उत्तराचा : दिलेल्या आकड्यांवरून हत्तींची संख्या अपूर्णांकात आली, तर कुठेतरी शब्द बदलला आहे हे उघड होते. दोन स्वतंत्र पहारे एकमेकांना छेदून जातात तेथे चूक सापडते, ही युक्ती आजच्या सीडीपासून क्यूआर कोडपर्यंत सर्वत्र आहे.

महावीराचार्यांना संख्यांच्या माळांचे मोठे वेड होते. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी असे अनेक गुणाकार दिले आहेत की ज्यांचे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते, आणि त्यांना गळ्यातील अलंकाराची नावे दिली आहेत. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे ओळीने आठ एकं. १४२८५७१४३ गुणिले ७ म्हणजे दोन टोकांना एकेक आणि मध्ये आठ शून्ये. सर्वांत देखणा हार २७९९४६८१ गुणिले ४४१ यातून निघतो : १२३४५६५४३२१. शिकणाऱ्या मुलाला या उत्तराचा दाखला दुसऱ्या कोणाकडे मागावा लागत नाही, कारण माळ तुटली की गुणाकार चुकला. अकरा अंकांच्या या हारात डावीकडचा प्रत्येक अंक उजवीकडच्या जोडीदाराने राखला आहे. एकटा मधला सहा तेवढा निराधार आहे. एका अंकात चूक झाली तर ती दिसते. मात्र जोडीतला कोणता अंक खरा आणि कोणता खोटा, हे माळ सांगत नाही. चूक ओळखणे आणि चूक दुरुस्त करणे यांतले अंतर हेच. ते अंतर ओलांडण्यासाठी लागणारी साधने त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, दोन वेगळ्या ठिकाणी, पडून होती.

त्यांतले पहिले छंदाचे गणित. मिश्रक अध्यायाच्या अखेरीस महावीराचार्य पिंगलाच्या परंपरेतील प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, लघुगुरुक्रिया, संख्या आणि अध्वा या सहा क्रिया थोडक्यात सांगतात. लघू आणि गुरू अशी दोनच चिन्हे घेतली तर तीन अक्षरांच्या किती रचना होतात? आठ. मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या प्रत्येकाला या आठ रचना य, म, त, र, ज, भ, न, स या गणांच्या नावाने पाठ असतात. आजच्या भाषेत सांगायचे तर तीन बिटांचे आठ शब्द. ते लक्षात ठेवण्यासाठी मुले जो ‘यमाताराजभानसलगा’ घोकतात, त्याच्या दहा अक्षरांतून कोणतीही सलग तीन उचलली की प्रत्येक गण एकदाच मिळतो. अशा चक्राकार मालिका संकेतशास्त्रात आजही लागतात, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकांनी वर्गात सांगायला हरकत नाही.

प्रस्तार म्हणजे या सर्व रचनांचा क्रमवार तक्ता. तो भराभर मांडण्याची सोय अशी की तो उभ्या स्तंभांनी लिहायचा. पहिल्या स्तंभात एक गुरू, एक लघू असे आलटून पालटून. दुसऱ्यात दोन गुरू, दोन लघू. तिसऱ्यात चार गुरू, चार लघू. लिहायचे उभे आणि वाचायचे आडवे. या तक्त्यातील एखादी ओळ पुसली गेली असेल आणि तिचा केवळ क्रमांक ठाऊक असेल, तर ती परत मिळवण्याची रीत म्हणजे नष्ट. समजा सहावी ओळ हरवली. सहा सम आहे. लघू लिहा आणि निम्मे करा, तीन. तीन विषम आहे. गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा, दोन. दोन सम; लघू. लघू-गुरू-लघू, म्हणजे ज गण. उद्दिष्ट ही याच्या उलटची क्रिया : रचनेवरून क्रमांक. संगणकाच्या जाणकाराला ही द्विमान अंकांतील मांडणी चटकन ओळखू येईल.

दुसरे साधन त्याच अध्यायात थोडे आधी येते. अनेक वस्तूंतून काही निवडायच्या असतील तर किती प्रकारे निवडता येतात, याचा सर्वसाधारण नियम महावीराचार्य देतात : वस्तूंच्या संख्येपासून एकेकाने उतरणाऱ्या संख्यांचा गुणाकार वर, एकपासून चढणाऱ्या संख्यांचा गुणाकार खाली, आणि भागाकार करा. उदाहरण जेवणातले आहे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांची मिश्रणे किती? एकेक रसाची ६, दोनदोनांची १५, तीनतीनांची २०, चारचारांची १५, पाचपाचांची ६, सहांचे १; एकूण ६३. पुढे हिरे, नीलम, पाचू, पोवळी आणि मोती यांच्या हारांचे प्रकार, मग केतकी, अशोक, चाफा आणि नीलकमळ यांच्या माळांचे. निवडीचा विचार त्यांच्या आधीही भारतात होता, विशेषतः जैनांच्या भंगविचारात तो फार जुना आहे. महावीराचार्यांनी त्याला कितीही वस्तूंना लागू पडेल असा स्वच्छ नियमाचा आकार दिला.

विसाव्या शतकात या नियमाला अनपेक्षित काम मिळाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांना संगणकाच्या यंत्राने छळले होते. यंत्राला चूक कळे, पण ती दुरुस्त करता येत नसे. काम अर्धवट टाकून ते पुढे जाई. अकरा अंकांच्या माळेची अडचण आणि हॅमिंग यांची अडचण एकच. १९५० मध्ये त्यांनी आपला तोडगा प्रसिद्ध केला. तो प्रस्ताराच्या भाषेत सांगता येतो. सात अक्षरांच्या लघू-गुरू रचना १२८ होतात. सगळ्याच वापरात ठेवल्या तर एका अक्षराची चूक एका रचनेचे रूपांतर दुसऱ्या तितक्याच मान्य रचनेत करते आणि कोणालाही काही कळत नाही. म्हणून हॅमिंग यांनी १२८ पैकी फक्त १६ रचना वापरात ठेवल्या आणि त्या अशा निवडल्या की कोणत्याही दोन रचना किमान तीन जागी भिन्न असाव्यात. आता एका जागी चूक झाली तरी बिघडलेला शब्द मूळच्या शब्दाच्याच सर्वांत जवळ राहतो, आणि यंत्र तो परत जागेवर आणते. सात बिटांपैकी चार संदेशाचे, तीन पहाऱ्याचे.

येथे महावीराचार्यांचा नियम हिशेबाला येतो. सात जागांपैकी एका जागी चूक होण्याचे प्रकार सात, चूक न होण्याचा एक, मिळून आठ. १६ गुणिले ८ म्हणजे १२८. एकही रचना वाया गेली नाही. मार्सेल गोले यांनी १९४९ मध्येच २३ बिटांचा असाच एक संकेत शोधला होता, जो तीन चुका दुरुस्त करतो. २३ जागांतून शून्य, एक, दोन आणि तीन जागा निवडण्याचे प्रकार : १, २३, २५३ आणि १,७७१. बेरीज २,०४८, म्हणजे दोनचा अकरावा घात, बरोब्बर. सहा रसांच्या मिश्रणाचाच हा नियम, फक्त वस्तू २३. या संकेतात एक बिट वाढवून केलेले २४ बिटांचे रूप व्हॉयेजर यानांनी वापरले. १९७९ ते १९८१ या काळात गुरू आणि शनी यांची रंगीत चित्रे त्याच्या आधारे पृथ्वीवर आली.

या शास्त्रात मराठी नावही आहे. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी आपले गुरू राजचंद्र बोस यांच्यासह १९५९ मध्ये संकेतरचना आणि हॅडमार्ड यांचे चौकोनी तक्ते यांचा संबंध दाखवला. त्याच वर्षी या दोघांनी अर्नेस्ट पार्कर यांच्या जोडीने ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले, आणि त्याच्या गाजावाजात संकेतांवरचे हे काम सामान्य वाचकाच्या नजरेआड राहिले. बोस यांनी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्यासह १९६० मध्ये मांडलेले संकेत आज उपग्रह दूरचित्रवाणीत वापरले जातात.

मान्यखेटची गोष्ट मात्र सुखाची राहिली नाही. अमोघवर्षानंतर शतकभराने, ९७२ मध्ये, माळव्याच्या परमार सीयकाने राजधानी लुटली. कवी धनपालाने आपल्या प्राकृत शब्दकोशात त्या लुटीची नोंद ठेवली आहे. पुढच्याच वर्षी तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली, आणि कालांतराने चालुक्यांनी आपली राजधानी बीदर जिल्ह्यातील कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, हलवली. राजवाडा लुटला जातो तेव्हा ग्रंथभांडारही सुटत नाही. एखाद्या ग्रंथाच्या सगळ्या प्रती एकाच नगरात असतील तर तो ग्रंथ तेथेच संपतो.

अभियंते या प्रकारच्या संकटाला वेगळे मानतात. हॅमिंग यांचा संकेत सात बिटांमागे एक चूक सहन करतो. पण वीज चमकली, मोबाइलधारक इमारतीच्या आडोशाला गेला किंवा सीडीवर ओरखडा उठला, की चुका एकएकट्या येत नाहीत, त्यांची झुंडच येते. शेजारचे शेकडो बिट एकदम जातात आणि कोणताही साधा संकेत त्यांच्यापुढे हतबल होतो. त्यावर उपाय म्हणजे बिटांची गुंफण, ज्याला इंटरलीव्हिंग म्हणतात. शब्द तक्त्यात आडवे लिहायचे आणि पाठवताना उभ्या स्तंभांनी पाठवायचे. प्रस्तार मांडण्याच्या सोयीची ही बरोबर उलट बाजू. वाटेत सलग एक स्तंभ नष्ट झाला तरी पलीकडे तक्ता पुन्हा आडवा वाचला की प्रत्येक शब्दातील एकच अक्षर गेलेले असते, आणि एक अक्षर तर संकेताला दुरुस्त करता येते. गुंफणीने एकही चूक कमी होत नाही. ती फक्त चुकांची झुंड फोडते. जीएसएम मोबाइलमध्ये आवाजाच्या एका तुकड्याचे ४५६ बिट आठ वेगवेगळ्या क्षेपांत वाटले जातात ते यासाठीच. सीडीवर तर संकेताच्या दोन थरांमध्ये गुंफण घातलेली असते आणि सुमारे अडीच मिलिमीटरचा ओरखडा गाण्याला जाणवतही नाही. मडगावच्या बाजारात मासळीवालीच्या टोपलीजवळचा मळका क्यूआर कोड एका झटक्यात वाचला जातो, त्यामागे अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचा १९६० चा संकेत आहे.

‘गणितसारसंग्रह’ मान्यखेटच्या लुटीतून वाचला, कारण तोवर तो एका ठिकाणी राहिलेला नव्हता. जैन मठ आणि बसद्यांच्या जाळ्यातून त्याच्या प्रती दक्षिणेत पांगल्या होत्या. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन याने राजमहेंद्रीच्या बाजूला तो तेलुगूत उतरवला. उतरवताना जैन उल्लेखांच्या जागी त्याने शिवभक्तीचे उल्लेख घातले. नावे बदलली, रीती राहिल्या. कन्नड मुलखात वल्लभ नावाच्या पंडिताने त्यावर टीका लिहिली. एका प्रतीची पाने गळाली तर दुसरीत ती होती, एका प्रांतात परंपरा खंडली तर दुसऱ्या भाषेत ती चालू होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ संपादनासाठी हाती घेतला. त्यांच्यापुढे मद्रास आणि म्हैसूरच्या हस्तलिखित ग्रंथालयांतील आणि मूडबिद्रीच्या जैन भांडारातील प्रती होत्या. लिपी वेगळ्या, काही प्रतींत तर सुरुवातीचेच अध्याय. पाठभेद दिसला की छंद तपासायचा, मग इतर प्रतींचे मत घ्यायचे, मग उदाहरण सोडवून उत्तर जुळते का ते पाहायचे. चूक दुरुस्त करणारे यंत्र जे क्षणार्धात करते, ते त्यांनी वर्षानुवर्षे बसून केले. न्यूयॉर्कच्या डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी १९०८ मध्ये रोमच्या गणित परिषदेत या ग्रंथाची ओळख करून दिली आणि १९१२ मध्ये मद्रास सरकारने तो इंग्रजी भाषांतरासह छापला. तोवर युरोपच्या गणितेतिहासात आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचीच नावे होती. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्यामधल्या पाचशे वर्षांत महावीराचार्यांचे नाव आता भरले गेले.

या साऱ्या दुरुस्तीतून एक चूक सुटली, आणि ती सुटणेच योग्य होते. शून्याने गुणले तर शून्य, असे महावीराचार्य बरोबर लिहितात. पण शून्याने भागले तर संख्या तशीच राहते, हेही त्यांनी लिहिले. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात या भागाकाराला निदान निराळे नाव देऊन बाजूला ठेवले होते; महावीराचार्यांनी बहुधा असा विचार केला असावा की कोणालाच वाटा द्यायचा नाही तर राशी जागची हलणार कशी. हा श्लोक छंदात बिनचूक आहे, प्रती त्याच्याविषयी एकमत आहेत. वाटेत काहीही बिघडलेले नाही. जे पाठवले तेच पोहोचले. तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर म्हटले आणि तिचे स्वरूप अनंताचे असल्याचे सांगितले. ती दुरुस्ती त्यांनी आपल्या ग्रंथात केली, महावीराचार्यांच्या श्लोकात नाही.

१९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी भाषांतरासह ‘गणितसारसंग्रह’ पुन्हा प्रसिद्ध केला. मळखेडहून सोलापूर फार दूर नाही. त्या आवृत्तीत तुटलेल्या हाराचे १,४८,६०८ मोती आहेत, सहा रसांची ६३ मिश्रणे आहेत, नष्ट-उद्दिष्टाच्या रीती आहेत, आणि पहिल्याच अध्यायात शून्याच्या भागाकाराचा तो श्लोकही जसाच्या तसा आहे.